सोपं आहे, मामा!

माणसाने माणसाला दिलेल्या त्रासांची यादी करायला कोणी बसलंच, तर तीत ‘सोपं आहे’ या दोन शब्दांचा नंबर बराच वर लागावा, असं माझं मत आहे. हे मत मी रागाच्या भरात मांडत नाही. राग २०१४ साली येऊन गेला. आता उरलं आहे ते निव्वळ मत. आणि मत हे रागापेक्षा जास्त टिकतं, हे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला एकदा तरी बसलेल्या कोणालाही पटेल.

‘सोपं आहे’चे प्रकार पुष्कळ. पत्ता सांगणारे म्हणतात, “सोपं आहे हो, स्टँडवर उतरा आणि कोणालाही विचारा.” आपण स्टँडवर उतरतो, आणि हा ‘कोणीही’ नावाचा गृहस्थ नेमका त्या दिवशी परगावी गेलेला असतो. पुरणपोळी सांगणाऱ्या म्हणतात, “काय त्यात? डाळ शिजवायची, पुरण वाटायचं, भरायचं, लाटायचं, भाजायचं.” पाच क्रियापदं! त्या पाच क्रियापदांच्या मधल्या फटींमध्ये त्यांच्या सासूबाईंची चाळीस वर्षं दडलेली असतात, ती त्या सांगत नाहीत. लुच्चेपणाने नव्हे, त्यांना स्वतःलाच ती आता दिसत नाहीत.

पण ही सगळी हौशी मंडळी. या कलेतले खरे उस्ताद म्हणजे संगणकवाले. त्यांच्या घराण्यात ‘सोपं आहे’ हा षड्ज आहे. तो लावल्याशिवाय गाणं सुरूच होत नाही.

झालं असं, की ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज एक्सपी’ची देखभाल थांबवली. माझ्याकडे २००४ साली घेतलेला एक संगणक होता. दहा वर्षांत त्याला इतके व्हायरस होऊन गेले होते, की सुरू करायचं बटण दाबून मी चहा टाकत असे, आणि चहा पिऊन कप विसळला की पडद्यावर पहिलं चित्र उमटत असे. घरात नवा लॅपटॉप आला. दुरुस्तीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, “भंगारात टाका काका. चारपाचशे रुपये येतील.”

आता आमची पिढी जुन्या धोतराचं पायपुसणं आणि जुन्या पँटची भाजीची पिशवी करणारी. चालता डबा भंगारात टाकायचा, ही कल्पना काही मानवेना. शिवाय त्याला गिऱ्हाईक घरातच होतं. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींची मुलगी बारावी होऊन एमएस-सीआयटीच्या क्लासला जात होती. क्लासात मशीनला हात लागायचा तो घड्याळाकडे बघत, आणि घरी सरावाला कागदावर काढलेला कीबोर्ड. हो, कागदावर! पुठ्ठ्याला चिकटवून तिने तो भिंतीला टांगला होता. हे मावशींच्या तोंडून पोळ्या लाटता लाटता ऐकलं आणि मी बोलून गेलो, “पुढच्या रविवारी आमचा संगणक घेऊन जा.” आमच्या घरात स्वयंपाकघरात दिलेला शब्द हा दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्यासारखा असतो. साक्षीदार म्हणून ही तिथेच उभी होती.

पण व्हायरसांनी गांजलेलं, देखभाल संपलेलं मशीन मुलीला कसं द्यायचं? म्हणून बंगळूरला नोकरीला असलेल्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मामा, लिनक्स टाका.”

लिनक्सची हकिगत त्याने सांगितली ती ऐकून मला खरंच भरून आलं. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहायला घेतला आणि मग जगभरच्या माणसांनी आपापल्या घरचं खाऊन त्यात भर घातली. कोणीही घ्यावी, उघडून बघावी, शेजाऱ्याला वाटावी. वारीतल्या पंगतीखेरीज जगात असं काही चालतं, याची मला कल्पना नव्हती. म्हटलं, वा! आणि टाकायची कशी?

“एकदम सोपं आहे, मामा. आयएसओ डाऊनलोड करायची, डिस्कवर बर्न करायची, तिच्यावरून बूट करायचं, मग नुसतं नेक्स्ट-नेक्स्ट. अर्ध्या तासाचं काम.”

पुन्हा क्रियापदं! पुरणपोळीला निदान पाच होती.

त्या अर्ध्या तासाला मला एक महिना आणि सहा चकत्या लागल्या. त्यांतल्या पाच आमच्या गॅलरीत दोऱ्याने टांगल्या गेल्या, कारण फुकट गेलेली सीडी वाऱ्यावर चकाकली की कबुतरं येत नाहीत, असा हिचा समज. पहिल्या चकतीला कबुतरं खरोखर बिचकली. पाचवीपर्यंत ती तिच्यात बघून पंख साफ करू लागली होती.

पहिली चकती डीव्हीडी होती. ती का, तर जी फाइल मी रात्रभर जागून उतरवून घेतली ती जवळजवळ एक जीबीची निघाली, आणि सीडीत मावतात सातशे एमबी. उबुंटू नावाची जी लिनक्स सर्वांत लोकप्रिय, ती पूर्वी सीडीत मावेल अशा बेतानेच बनवत असत. ऑक्टोबर २०१२ पासून त्यांनी तो नेम सोडला. त्याच्याही आधी तर ते मागेल त्याला टपालाने सीडी घरपोच, फुकट पाठवत असत. ती सोय २०११ साली बंद झाली. म्हणजे मी नेहमीप्रमाणे पंगत उठल्यावर पोचलो होतो. असो. मोठी फाइल, म्हणून मोठी चकती, हा माझा हिशेब शाळेतला होता आणि बरोबर होता. चुकलं एवढंच, की २००४ च्या त्या मशीनला नुसता सीडीचा ड्राइव्ह होता. सीडी वाचायला लागणारा लेसर वेगळा, डीव्हीडीवरची अक्षरं त्याहून बारीक, आणि त्यांना लागणारा लेसरही निराळा. त्या बिचाऱ्या ड्राइव्हपुढे डीव्हीडी ठेवणं म्हणजे चष्मा घरी विसरलेल्या म्हाताऱ्यापुढे पंचांग धरणं. तो घुर्र घुर्र करून गप्प बसला.

“डीव्हीडी?” भाचा फोनवर हसला. “मामा, त्या डब्यात डीव्हीडी कशी चालेल? सीडीत मावणारी हलकी आवृत्ती घ्या ना. सोपं आहे.”

हलकी आवृत्ती घेतली. दुसरी चकती. लॅपटॉपमध्ये कोरी सीडी घातली, फाइल उंदराच्या शेपटीने ओढत तिच्यावर नेऊन सोडली, सीडी तयार झाली. ती जुन्या मशीनमध्ये घालून बटण दाबलं, तर चहा पिऊन कप विसळेपर्यंत पडद्यावर तीच ओळखीची हिरवी टेकडी. एक्सपी जिथल्या तिथे.

“बायोसमध्ये बूट ऑर्डर बदलली ना?”

“म्हणजे?”

“मशीनला सांगायला लागतं, की आधी सीडी बघ आणि मग हार्ड डिस्क. सुरू होताना डिलीट नाहीतर एफ-टू दाबायचं. ते तर करायचंच असतं, मामा!”

‘ते तर करायचंच असतं’ हा ‘सोपं आहे’चा धाकटा भाऊ. थोरला तुम्हाला खड्ड्यापर्यंत आणून सोडतो आणि धाकटा तुम्ही पडल्यावर वरून वाकून बघतो.

बूट ऑर्डर बदलली. पुन्हा हिरवी टेकडी. आणि इथे आठवडाभर गाडी अडली, कारण भाच्याच्या मते आता सगळं बरोबर होतं आणि ‘तुमचंच काहीतरी चुकलं असणार’. हे वाक्य तपासून पाहण्यासारखं आहे. माझं चुकलं होतं, यात शंकाच नव्हती. डॉक्टरकडे गेल्यावर त्याने “तुम्हाला काहीतरी झालेलं असणार” असं म्हटलं, तर तेही खरंच असतं.

काय चुकलं होतं ते सांगतो, कारण ते एका वाक्यात सांगता येतं, आणि ते एक वाक्य मला कोणी सांगितलं नाही, हीच माझी तक्रार आहे. आयएसओ ही फाइल नव्हे, ती एका अख्ख्या चकतीची प्रतिमा असते. कुठला कप्पा कुठे, काय आधी, काय नंतर, मशीनने पहिलं बोट कुठे ठेवायचं, हे सगळं जसंच्या तसं आत भरलेलं. ती उलगडून चकतीवर उमटवायची असते. मी ती बंदच्या बंद चकतीवर नेऊन ठेवली. म्हणजे पेणहून गणपती आणला आणि मखरात खोक्यासकट ठेवून आरती सुरू केली! खोक्यात गणपती होता, हे शंभर टक्के खरं. पण दर्शन कोणाला होणार?

ओळखायची खूणही किती साधी आहे! तयार झालेली सीडी उघडून बघायची. आत एकच एक भलीमोठी फाइल दिसली तर खोकं. पाचसहा कप्पे आणि किरकोळ फायली दिसल्या तर गणपती. झालं. विंडोज ७ पासून तर फाइलवर उजवी कळ दाबली की ‘बर्न डिस्क इमेज’ असं आयतं लिहून येतं. पण ‘बर्न’ हा शब्द दोन्ही कामांना एकच वापरायचा आणि समोरच्याने आपला आपण फरक ओळखायचा, अशी या विद्येची रीत आहे.

बरं, तो शब्द तरी काय निवडलाय! इंग्रजीत चकती जाळतात. आपल्याकडे नाक्यावरच्या दुकानात ‘सीडी राइट करून मिळेल’ अशी पाटी असे आणि आतला पोऱ्या “दोन मिनिटांत राइट मारून देतो” म्हणत असे. मला वाटायचं, जाळणं हा इंग्रजांचा अलंकार असेल. तो अलंकार नाही. कोऱ्या सीडीच्या पोटात रंगाचा एक थर असतो, लेसर त्याला ठिकठिकाणी चटके देत जातो, आणि चटका बसलेल्या जागी उजेड नीट परतत नाही. मधल्या भोकापासून सुरू होऊन कडेकडे जाणारी ही चटक्यांची वाट उलगडली तर साडेपाच किलोमीटरांच्या वर भरते. आमच्या घरापासून स्टेशनसुद्धा इतकं लांब नाही. ‘नीरो’ नावाच्या चकत्या जाळणाऱ्या प्रसिद्ध प्रोग्रॅमचं चिन्ह म्हणजे जळतं कलोसियम. रोमला आग लागली इसवी सन ६४ साली आणि कलोसियमचं बांधकाम सुरू झालं ते नीरो मेल्यानंतर. पण या धंद्यात इतिहासाचा तास कोणी घेत नसावं.

नावांवरून आठवलं. हे ‘आयएसओ’ नाव आलं १९८८ सालच्या ‘आयएसओ ९६६०’ या मानकावरून. सीडीवर फायली कशा मांडाव्यात, हे त्यात सांगितलेलं आहे. त्याच्या आधीच्या मसुद्याचं नाव ‘हाय सिएरा’, कारण कंपन्यांची मंडळी १९८५ साली ज्या हॉटेलात जमली त्याचं नाव हाय सिएरा. पुढे सीडीवरून मशीन सुरू कसं करायचं याचे नियम १९९५ साली ठरले, त्यांचं नाव ‘एल टोरिटो’. आणि ते त्याच नावाच्या उपाहारगृहावरून पडलं, असं सांगतात. म्हणजे एका मंडळाने हॉटेलात बसून ठरवलं, दुसऱ्याने जेवता जेवता ठरवलं, आणि मी उपाशीपोटी रात्री साडेअकरा वाजता घुर्र घुर्र ऐकत बसलो होतो. आपल्याकडे ठरलं असतं तर निदान ‘मिसळ मानक’ असं नाव पडलं असतं आणि मला लक्षात राहिलं असतं.

तिसरी चकती प्रतिमा म्हणून उमटवली, आणि काय सांगू! मशीनने ती उचलली. पडद्यावर भाषांची यादी आली आणि त्या यादीत चक्क ‘मराठी’ असं लिहिलेलं. मी हिला हाक मारली. ही हात पुसत आली. मावशीही लाटणं घेऊन आल्या. त्यांची मुलगी त्या दिवशी आईबरोबर आलेली होती, तीही दारात उभी राहिली. मी ऐटीत बटण दाबलं. दोन मिनिटं ठिपके फिरले, आणि मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळींची मुंग्यांसारखी रांग लागली. ‘स्क्वॅशएफएस एरर, स्क्वॅशएफएस एरर’. स्क्वॅश म्हटलं की आम्हाला लग्नातलं ऑरेंज स्क्वॅश आठवतं. ही निघाली दाबून भरलेली फाइलींची गाठोडी, आणि गाठ काही सुटत नव्हती.

“असू द्या भाऊ,” मावशी म्हणाल्या, “व्हत नसंल तर ऱ्हाऊ द्या.”

मुलगी काहीच बोलली नाही. पण जाताना जिन्यात ती आईला म्हणाली ते मला ऐकू आलं. “सोपं आहे म्हणाले होते ना ते दादा? सोपं असून काकांना येत नाही, मग मला काय येणार?”

वाचकहो, माझं सगळं भांडण या एका वाक्याशी आहे. मी पंचावन्नाव्या वर्षी पाच सीड्या फुकट घालवल्या, तर माझं काय गेलं? साठसत्तर रुपये आणि कबुतरांवरचा वचक. पण ‘सोपं आहे’ असं सांगून जी गोष्ट न जमते, ती माणसाला नुसती अडवत नाही. ती त्याला त्याची किंमत करून देते. अवघड गोष्ट जमली नाही तर आपण गोष्टीला नावं ठेवतो. सोपी गोष्ट जमली नाही तर स्वतःला ठेवतो. आणि त्या मुलीसारखी, जिच्या घरात आजवर कोणी या यंत्राला हात लावलेला नाही, ती तर लगेच ठेवते. भिंतीवरचा पुठ्ठा उतरवून ठेवायला तिला ते एक वाक्य पुरेसं होतं.

मी तिला दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं. म्हटलं, दोनशे पानी वही आण. भाच्याला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि सांगितलं, “आता तू बोलायचं आणि हिने विचारायचं. ही ‘म्हणजे काय?’ म्हणाली की थांबायचं.”

पहिल्या मिनिटाला ती चार वेळा ‘म्हणजे काय, दादा?’ म्हणाली. भाचा आधी हसला, मग चिडला, मग मात्र, पोरगा मुळात चांगला आहे, खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला. आणि त्याने जे सांगितलं ते सगळं मिळून अकरा मिनिटांचं होतं. मी घड्याळ लावलं होतं. अकरा मिनिटं! ‘सोपं आहे’ म्हणून त्याने वाचवली होती ती एवढी.

तिसऱ्या चकतीचं दुखणं असं निघालं, की फाइलच अर्धवट उतरली होती. रात्री मध्येच वीज गेली, सकाळी मी पुन्हा चालू केली, आणि कुठेतरी टाका सुटला. हे कळावं म्हणून फाइल देणारे तिच्याबरोबर एक बत्तीस अक्षरांचा आकडा देतात. आपण आपल्या फाइलवरून तोच आकडा काढायचा आणि जुळवून बघायचा. त्याला ‘एमडीफाइव्ह चेकसम’ म्हणतात. भाच्याने हा शब्द मला आधी दोनदा सांगितला होता आणि दोन्ही वेळा मी ‘हो हो’ म्हटलं होतं, कारण वयाने मोठ्या माणसाला भाच्यापुढे इतक्या वेळा ‘म्हणजे काय’ म्हणवत नाही. आता मुलीने विचारलं आणि मग मलाच उजेड पडला. अरे, हा तर ताळा! गुणाकार केला की ताळा करून बघायचा, हे चौथीत आमच्या गुरुजींनी छडी आपटून शिकवलं होतं. “मामा, ताळा करून बघा,” एवढं म्हटला असता, तर मी त्या रात्रीच केला असता. अख्खं आयुष्य मी खातेवह्या ताडून पाहण्यात घालवलं आहे. मग आम्ही दोघं बसलो. तिने वाचायचं, मी टिक करायचं. पहिल्याच अक्षराला ‘सी’ ऐवजी ‘सात’ आला, आणि चोर सापडल्याचा जो आनंद होतो तो आम्हाला झाला. फाइल पुन्हा उतरवली. बत्तीसच्या बत्तीस जुळली.

चौथी चकती मी घाईने घालवली. प्रोग्रॅम वेग विचारतो, मी सर्वांत मोठा आकडा निवडला. एसटी आणि जलद गाडी समोर असताना जलद गाडीत चढायचं, हा स्वभावच. पण चटके घाईने दिले की पुसट बसतात, आणि जुन्या ड्राइव्हला पुसट वाचता येत नाही. चोवीसच्या वेगाने चार-पाच मिनिटं लागतात, आठच्या वेगाने दहा. पाच मिनिटं वाचवायला मी एक चकती कबुतरांना दिली. अगदी सर्वांत कमी वेगही बरा नव्हे, असं भाच्याने सांगितलं. चकतीचा रंग ठरावीक वेगांसाठी केलेला असतो, तेव्हा मधला घ्यावा. पोळी मंद आचेवर वातड होते आणि मोठ्या आचेवर करपते, हे वहीत मुलीने लिहून घेतलं. मावशींची भर.

पाचवी चकती काटकसरीची होती. पुसून पुन्हा वापरता येणारी आणली. ती उजेड कमी परतवते, जुने ड्राइव्ह तिच्यापुढे अडखळतात. पुढे चला.

सहावी चकती कोरी करकरीत, ताळा केलेल्या फाइलची, मधल्या वेगाची, आणि उमटवून झाल्यावर ‘पडताळणी करा’ या चौकोनात खूण केलेली. जुन्या ड्राइव्हच्या भिंगावरची दहा वर्षांची धूळ फुंकून काढली. चकती सुरू झाल्यावर लगेच टाकायला न घेता यादीतलं ‘चकतीत दोष आहे का बघा’ हे कलम आधी निवडलं. हे कलम तिसऱ्या चकतीच्या वेळीही तिथेच होतं बरं का! जणू मोटारीत हवा बघायचं यंत्र आसनाखाली असावं आणि कोणी सांगू नये. सगळं निर्दोष निघालं. दुपारी तीन वाजता सुरू केलं, चारला मशीनवर लिनक्स होती. म्हणजे भाच्याचा अर्धा तास फार चुकलेला नव्हता. फक्त त्याच्या अलीकडे एक महिना होता.

आता भाच्याची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर तो दिवाळीला येणार नाही. त्याचं म्हणणं दोन प्रकारचं. एक म्हणजे, ही माणसं सगळं फुकट करतात. फुकट जेवायचं आणि वर मीठ कमी म्हणायचं, हे बरं नव्हे. दुसरं, ही सगळी माहिती लिहिलेली आहे. ताळा करा, हळू जाळा, प्रतिमा म्हणून जाळा, सगळं इंग्रजीत व्यवस्थित छापलेलं आहे. तुम्ही वाचत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिलीबद्दल मी एवढंच म्हणेन, की मिठाबद्दल माझी तक्रारच नाही. स्वयंपाक उत्तम होता. फक्त पंगतीचं दार मागच्या गल्लीत आहे, हे वाढप्यांनी सांगितलं नाही आणि पुढच्या भिंतीवर डोकं आपटणाऱ्याला ‘आत या की, सोपं आहे’ म्हणत राहिले. आणि दुसरीबद्दल असं, की काय वाचायचं हे कळायला आधी काय बिघडलं ते कळावं लागतं. ज्याला ‘खोकं’ हा शब्दच ठाऊक नाही, तो खोक्याचं प्रकरण अनुक्रमणिकेत कुठे शोधणार?

या मंडळींच्या मनात कपट नसतं. पोहायला शिकलेला माणूस आपण नाकातोंडातून किती पाणी प्यालो ते विसरतो, तसंच हे. पण विहिरीच्या काठावर उभं राहून दुसऱ्याला ‘उडी मार, सोपं आहे’ म्हणताना तरी ते आठवावं! ‘सोपं आहे’ ऐवजी ‘इथे तीन जागी पाय घसरतो’ असं म्हणायला किती जास्त वेळ लागतो? मी मोजलेला आहे. अकरा मिनिटं.

संगणक मुलीच्या घरी गेला. ठेवायला जागा नव्हती, म्हणून शिलाई मशीन सरकवलं. वहीसुद्धा तिच्याकडेच गेली. मी मागितली नाही. तिच्या पहिल्या पानावर तिने लिहिलं होतं, ‘आधी सीडी उघडून बघणे. आत एकच फाइल असेल तर गणपती खोक्यात आहे.’

या गोष्टीला आता इतकी वर्षं झाल्यावर पुन्हा तोच हंगाम आला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची देखभाल थांबली, आणि पुन्हा दुरुस्तीवाले ‘भंगारात टाका काका’ म्हणू लागले, पुन्हा भाचे ‘लिनक्स टाका’ म्हणू लागले. चकत्यांचे दिवस मात्र सरले. नव्या लॅपटॉपला चकती घालायची खाचच नसते. सगळं पेनड्राइव्हवर. मला वाटलं, चला, निदान एक छळ मिटला.

परवा नाशिकहून भाच्याच्या सासऱ्यांचा फोन आला. निवृत्त मुख्याध्यापक, भारदस्त आवाज.

“जावईबापूंनी सांगितलं, सोपं आहे. फाइल उतरवली, पेनड्राइव्हवर कॉपी केली. पण लॅपटॉप काही सुरू होत नाही तिच्यावरून. चार दिवस झाले. म्हटलं, तुम्हाला यातलं कळतं...”

“कॉपी केलीत म्हणजे, फाइल उचलून नुसती पेनड्राइव्हवर ठेवलीत का?”

“हो. मग?”

“गणपती खोक्यातच राहिला, सर.”

पलीकडे शांतता. मग सरांनी अतिशय सावधपणे विचारलं, “म्हणजे काय?”

मी त्यांना मावशींच्या मुलीचा नंबर दिला. म्हटलं, ती एका पतसंस्थेत नोकरीला आहे, तिथले सगळे संगणक तीच बघते. वही अजून तिच्याकडे आहे आणि पेनड्राइव्हचं पान तिने नवीन जोडलं आहे. मात्र रात्री आठनंतर फोन करा, आणि हाताशी अकरा मिनिटं ठेवा.